सोडलेला बॉल

नांदेडात कुणाला ‘मी टेनिसचा कोच’ असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, ‘टेबलावरचं का?’ नाही म्हटलं की विचारतो, ‘मग टेनिस बॉलचं क्रिकेट?’ तेही नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो आणि तो आवाज खाली आणून विचारतो, ‘अन् पोटापाण्याला काय करता?’ सगळी हयात मी या तीन प्रश्नांची उत्तरं देण्यात घालवली. आता निवृत्त झालोय, तर चौथा सुरू झालाय. ‘सर, तुमच्या हाताखालून एखादा मोठा खेळाडू निघाला की नाही?’

निघाले की. मोठं व्हायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून घरी गेले. त्यातल्या एकाची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. शाळेत सांगतात, लग्नाच्या मांडवात सांगतात, मीही पुष्कळदा सांगितली आहे. ती चुकीची सांगत होतो, हे यंदा कळलं. म्हणून हा लेख.

आधी थोडं कोर्टाबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं कोर्ट मातीचं. खाली मुरूम, वर विटांची बारीक भुकटी, त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्यानं रेषा ओढायच्या. बायका अंगण सारवतात तसंच काम, फक्त आम्हाला कुणी चांगलं झालं म्हणत नाही. मातीच्या कोर्टाचा गुण असा की बॉल पडला की ठसा उमटतो. ठशाची कड रेषेला नुसती शिवली तरी बॉल आत. मोठ्या स्पर्धांमध्ये हे सांगायला उंच खुर्चीवर पंच बसतो. आमच्याकडे खुर्ची होती, पंच नव्हता. खुर्चीवर टॉवेल वाळत असायचे. अशा ठिकाणी नियम साधा आहे. बॉल ज्याच्या बाजूला पडला, त्यानंच सांगायचं, आत की बाहेर. त्यानं सांगितलं ते शेवटचं. या नियमानं चांगल्या घरची पोरं खोटं बोलायला शिकलेली मी पाहिली आहेत. आणि एक पोरगं याच नियमापायी संतपदाला पोचलेलं पाहिलं.

त्याच्या आधी वैष्णवीचं सांगतो, कारण ती पुढं येणार आहे. शनिवार-रविवार मी लातूरला शिकवायला जायचो. तिथल्या एका पालकांनी मला मनापासून विचारलं होतं, ‘सर, टेनिसमदी आपला लातूर पॅटर्न बसवता येईल का? रोज सराव परीक्षा घेऊ.’ मी म्हणालो, घेऊ, पण समोरचा माणूस बॉल मारताना चार पर्याय देत नाही. वैष्णवी तिथलीच, वडील मूळचे किल्लारीचे. डावखुरी, उंच, आणि सर्व्हिस अशी की पलीकडची पोरगी नुसती वळून बघायची. बाहेरच्या राज्यांत जाऊन जिंकून यायची. मग बारावी आली. एक दिवस तिनं रॅकेट स्वच्छ पुसली, कव्हरात घातली, माझ्या पाया पडली आणि डॉक्टर व्हायला गेली. आज लातूरला हाडांची डॉक्टर आहे, माझा उजवा गुडघा तिच्या ताब्यात आहे. ‘सर, गुडघा वाकवा, अजून वाकवा,’ म्हणते. हेच मी तिला ओरडून ओरडून सांगायचो. ती खेळली असती तर, असं माझ्या मनात आजही येतं. पण तिनं स्वतः ठरवून सोडलं. सुदर्शनला ते ठरवायला कुणी सवडच दिली नाही.

सुदर्शन लोह्याजवळच्या एका खेड्यातला. वडील शेती बघायचे, आई राधाबाई पोरांच्या शिक्षणासाठी नांदेडात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या. सुदर्शनचा हात असा मऊ की बॉल रॅकेटवर येऊन जरा टेकायचा, मग निघायचा. जाळीच्या पलीकडं अलगद टाकायचा तर असा की पळत आलेला माणूस दुसऱ्या टप्प्यालाही पोचत नसे. असा हात मी दुसरा पाहिला नाही. बाहेरचे कोच येऊन विचारायचे, हा कुणी शिकवला? मी म्हणायचो, मीच. खरं म्हणजे तो कुणी शिकवलेला नव्हता.

कॉलेज अर्धं ठेवून तो व्यावसायिक झाला. लोकांना वाटतं व्यावसायिक म्हणजे जाहिराती, परदेश. खालच्या पायरीवर व्यावसायिक म्हणजे रात्रभर गाडीत उभं राहून हरायला जाणारा आणि हरून त्याच गाडीनं परत येणारा. जगातल्या खेळाडूंची एक यादी असते. तिच्यात तळाला का होईना नाव लागावं म्हणून हजारो पोरं अशी फिरत असतात.

सुदर्शनचा दोष एकच, संस्कार. चांगला फटका मारला की समोरच्याला म्हणायचा, ‘लागलं नाही ना?’ वयानं लहान पोराशी खेळतानाही ‘अहो, तुमची सर्व्हिस’. मी म्हणायचो, ‘अरे, जावई हायेस का त्यांचा?’ तो हसायचा. हसायलाही छान होता, त्यामुळं रागावणं जमायचं नाही.

त्या वर्षी नांदेडात एक मोठी स्पर्धा भरली. जिंकेल त्याला पुण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळणार होती, पात्रता फेरीची कटकट नाही. तिथं एक सामना जिंकला की नाव जगाच्या यादीत. सुदर्शन ज्यासाठी गाड्यांमध्ये उभा राहिला ते सगळं एकदम घराच्या अंगणात आलं होतं. सबंध देशातून पोरं आली. नेमका त्याच आठवड्यात गुरुद्वाऱ्यात मोठा सोहळा, गावातल्या लॉजवर उभं राहायला जागा नाही. कोईमतूरकडचा कार्तिक नावाचा पोरगा बॅग घेऊन कोर्टाच्या कट्ट्यावर बसून राहिला होता. सुदर्शननं त्याची बॅग उचलली आणि सरळ घरी नेलं.

राधाबाईंना तमिळ येत नव्हतं, त्याला मराठी. त्यांचं बरं चाललं होतं. ‘खाय की लेकरा’ एवढं त्याला पहिल्या दिवशी समजलं, ‘अजून एक’ दुसऱ्या दिवशी. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, पोरगं गोरंमोरं होऊन खात राहायचं. दोघं शेजारी शेजारी गाद्या टाकून झोपायचे, एकाच रिक्षानं कोर्टावर यायचे, आपापले सामने जिंकायचे. असं करत करत दोघंच उरले. अंतिम सामना सुदर्शन विरुद्ध सुदर्शनच्या घरचा पाहुणा.

आदल्या दिवशी मी तावातावानं त्यांच्या घरी गेलो. कार्तिक पाटावर बसलेला, राधाबाई वाढतायत. मी सुदर्शनला म्हणालो, ‘अरे, उद्या ज्याला हरवायचं त्याला कुणी धपाटे खाऊ घालतं का?’

उत्तर राधाबाईंनी दिलं. ‘सर, मग उपाशी ठेवून हरवायचं व्हय? त्याच्यात कसली मर्दुमकी?’

मी पाटावर बसलो आणि मलाही एक धपाटा मिळाला.

सामन्याच्या सकाळी त्या माउलीनं दोघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. आधी पाहुण्याच्या.

लोह्याकडून दोन जीपा भरून गाव आलं होतं. टेनिस कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण उत्साह दांडगा. सुदर्शनच्या चुलत्यांनी मला विचारलं, ‘सर, पंधरा झाले, तीस झाले, मग पंचेचाळीस कामून न्हाई? चाळीसच कामून?’ मी म्हणालो, ‘बाजारातल्यासारखी आडत कापून.’ त्यांना लगेच पटलं आणि त्यांनी मागच्या दोन रांगांना समजावून सांगितलं.

सुदर्शन सुरुवातीला असा खेळला की मी कुंपणाची जाळी धरून उभा होतो ती सोडून खाली बसलो. म्हटलं, आता काळजी नाही. पहिला सेट त्याचा. मग विजय दिसायला लागला आणि तो जपून खेळायला लागला. मऊ हाताच्या माणसानं जपून खेळणं हे वाईटच, कारण मग बॉलमध्ये काही उरत नाही. दुसरा सेट कार्तिकचा. तिसऱ्यात ओढाताण होत होत वेळ अशी आली की हा एक पॉइंट कार्तिकनं घेतला की संपलं.

बराच वेळ बॉल इकडून तिकडं चालला. मग कार्तिकनं एक लांब मारला, अगदी मागच्या रेषेकडं, सुदर्शनच्या बॅकहँडला, म्हणजे उलट्या हाताला. सुदर्शन पोचला. वेळेत पोचला. रॅकेट मागं नेली. आणि एकाएकी रॅकेट वर उचलून त्यानं बॉल जाऊ दिला.

आम्हा सगळ्यांना तो बाहेर दिसला. जीपवाले ओरडायलाच लागले होते. पंच याही स्पर्धेला नव्हता, सांगायचं सुदर्शननं होतं. तो वाकला, ठसा बघितला. बघतच राहिला. मग सरळ झाला, तळहात जमिनीकडं करून आडवा धरला. आमच्याकडं त्याचा अर्थ, बॉल आत. मग जाळीपाशी जाऊन त्यानं कार्तिकला मिठी मारली.

मागून चुलत्यांचा आवाज आला, ‘दिला रे. पाहुण्याला दिला पोरानं.’ झालं. गाव कोर्टावर धावलं, सुदर्शनला खांद्यावर घेतलं, त्या ठशावरून शंभर चपला गेल्या. राधाबाईंनी दोन्ही पोरांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मला रडू आलं. बॉल बाहेर होता अशी माझी खात्री होती. मला तो बाहेर हवा होता, म्हणून खात्री होती.

आमच्या भागात कुणी काही केलं की सत्कार होतो. नापास झालेला पोरगा पुरवणीला पास झाला तरी चौकात फ्लेक्स लागतो. इथं तर, लोकांच्या लेखी, पोरानं जिंकलेला सामना पाहुण्याला देऊन टाकला होता. लोह्यात जेसीबीतून फुलं उधळली. भोकरला उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. फ्लेक्सवर सुदर्शनचा हात जोडलेला फोटो, खाली ‘मनाचा राजा’, आणि त्याच्या खाली त्याच्याहून मोठ्या आकारात शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे. सत्कारांत मिळालेल्या नारळांची राधाबाईंनी चटणी केली, ती शेजारपाजारी वाटून वाटून संपवली. शालींच्या गोधड्या शिवल्या. त्यातली एक माझ्याकडं आहे, उबदार आहे.

सुरुवातीला तो म्हणायचा, ‘तसं काय न्हाई हो, बॉल आतच व्हता.’ लोक एकमेकांकडं बघायचे. बघा, किती नम्र.

पुढच्याच आठवड्यात दुसरी स्पर्धा होती. मी म्हणालो, चल. तो म्हणाला, ‘सर, गावानं मांडव टाकलाय. गावाचं मन कसं मोडावं?’ त्याच्या पुढच्या आठवड्यात मामाच्या गावाचा मांडव. पावसाळा आला तेव्हा कुठं मांडव थांबले, आणि तोवर स्पर्धाही थांबल्या होत्या.

त्यानंतर तो खेळला, दोन-तीन हंगाम खेळला. पण त्याचं खेळणं आता वेगळंच झालं होतं. त्याच्या बाजूला रेषेजवळ बॉल पडला की बघणारे हात वर करून टाळ्यांच्या तयारीत बसायचे. मनाचा राजा आता काय करणार? बिचारा काय करणार, द्यायचा. हातभर बाहेर पडलेले बॉल मी त्याला देताना पाहिले. समोरच्या पोरांनाही हे कळलं होतं. ती बिनधास्त लांब मारायची. मी चिडून म्हणालो, ‘अरे, एखादा तरी बाहेर म्हण.’ तो म्हणाला, ‘आता कसं म्हणू सर? लोक काय म्हणतील, मोठा झाला अन् बदलला.’

कार्तिक पुण्याला खेळला, एक सामना जिंकला, यादीत नाव लागलं. पुढं काही वर्षं देशोदेशी हिंडला, हरला, थोडं जिंकला, आता आपल्या गावी पोरांना शिकवतो. दर दिवाळीला राधाबाईंना फोन करून ‘अम्मा’ म्हणतो. तोही काही फार मोठा झाला नाही. पण आपण कुठवर पोचू शकतो हे त्याला कळलं, आणि त्यावर तो खूश आहे. सुदर्शन भोकरला शाळेत क्रीडाशिक्षक झाला. चांगला शिक्षक आहे, पोरं जीव टाकतात. त्याला मात्र आपण कुठवर पोचलो असतो ते कधीच कळलं नाही. मला या गोष्टीचं दुःख आहे, ते शालीत गुंडाळून सांगता येत नाही.

तर यंदा किल्लारीच्या एका शाळेत कार्यक्रम होता. प्रमुख पाहुण्या वैष्णवी, गावची लेक म्हणून. वक्ता सुदर्शन, विषय खिलाडूवृत्ती. मी का? व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या म्हणून.

मुख्याध्यापकांनी ती गोष्ट रंगवून सांगितली. त्यांच्या सांगण्यात बॉल रेषेपासून दोन फूट बाहेर होता. दर वर्षी थोडा थोडा सरकतो तो. मग सुदर्शन उठला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, ‘पोरांनो, आज खरं सांगतो. तो बॉल आत व्हता. रेषेवर. मी काय दिला-बिला न्हाई. मी हरलो व्हतो.’

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे हलले. मुख्याध्यापक माइक ओढून म्हणाले, ‘बघा मुलांनो, आजही श्रेय घेत नाहीत. याला म्हणतात मोठेपण.’ आणि ठरलेल्या शालीवर अजून एक शाल घातली. सुदर्शन दोन शाली घेऊन उभा होता, आणि त्याचा चेहरा मला बघवेना.

वैष्णवी माझ्या कानाशी वाकली. ‘सर, खरं बोलून राहिलाय तो.’

‘कशावरून?’

‘ज्याला द्यायचाय तो कशाला एवढा वाकून बघेल? तुम्हीच सांगता ना, बघतच राहिला म्हणून. आपण खेळलोय सर. तेवढा वेळ माणूस कधी बघतो?’

आपल्याला न आवडणारं दिसलं की बघतो. मला उत्तर येत होतं. इतकी वर्षं येत होतं.

परतीला सुदर्शनच्या गाडीत आम्ही तिघं. वैष्णवी लातूरला उतरली, माझ्या गुडघ्याला दम देऊन गेली. शाली मागच्या सीटवर. मग तो रस्त्याकडं बघत म्हणाला, ‘सर, तुमी तरी मानता का, बॉल आत व्हता?’

‘मानतो.’

त्यानं श्वास सोडला. मी म्हणालो, ‘आत होता ना? मग मला एक सांग. तू तो सोडलास कामून?’

त्यानं गाडी बाजूला घेतली. बंद केली. दिला कामून, हे त्याला शेकडो लोकांनी विचारलं होतं. सोडला कामून, हे कुणीच नाही. मीही नाही, आणि ते विचारणं तर माझं कामच होतं.

‘वाटलं बाहेर जाईल,’ तो म्हणाला.

‘पोचला होतास. रॅकेट मागं गेली होती.’

‘हाव.’

‘मग?’

‘भ्यालो सर. मारला अन् जाळीत गेला तर? एवढं गाव आलेलं. म्हटलं, सोडावा, बाहेरच जाईल. आपल्या हातून तरी जायचा न्हाई.’ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. ‘घरी आल्यावर तुमी शिव्या घालाल असं वाटलं व्हतं. मी वाट बघून राहिलो व्हतो. तुमी फेटा बांधून आलात.’

मी कोचाला जे येतं तेच बोललो. ‘शंका असलेला बॉल सोडायचा नसतो. मारायचा. जाळीत जाऊ दे, नाहीतर गोदावरीत. आणि तू मारायच्या आधी खांदा वळवत नव्हतास, उशीर करायचास, म्हणून तुला त्या बॉलची भीती. उद्या रविवार आहे. सकाळी कोर्टावर ये.’

‘आता या वयात?’

‘पस्तिशीच्या पुढच्यांच्या स्पर्धा असतात. तिथं सगळ्यांचे गुडघे माझ्यासारखेच आहेत, तुला सोपं जाईल. अन् तिथं तुला कुणी ओळखत नाही.’

हे शेवटचं ऐकून तो हसला. पूर्वीसारखा.

सकाळी माझ्या आधी येऊन त्यानं कोर्टावर पाणी मारलेलं होतं. मी एका जागी उभा राहून त्याच कोपऱ्यात, त्याच लांबीचे बॉल द्यायला लागलो. पहिले जाळीत गेले. मग कुंपणावर. मी शिव्या घालत होतो, साठलेल्या होत्या. हळूहळू खांदा वळायला लागला आणि तो जुना मऊ आवाज आला, बॉल रॅकेटवर जरा टेकून निघाल्याचा. मी पाठ फिरवून टोपी नीट केली, कारण डोळ्यांत माती गेली होती असं समजा.

मग मी एक जरा लांब मारला. त्यानं तो मारला, सणसणीत मारला, आणि एक बोट वर केलं.

‘आऊट.’

‘काय?’

‘आऊट सर. तुमचा बॉल बाहेर पडला.’

मी गुडघा ओढत पलीकडं गेलो. दोघं वाकून ठसा बघत राहिलो. मी म्हणालो, कड शिवलीय. तो म्हणाला, बोटभर फट हाय. मी म्हणालो, कोचाला शिकवतोस? तो म्हणाला, ‘डोळे दाखवून घ्या सर, वैष्णवीकडं डोळ्याचा कुणी ओळखीचा असंल.’ आम्ही चांगलं कडकडून भांडलो. त्याच्याशी एवढं भांडायला मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं.

त्या कोपऱ्यावर मी अजून रोलर फिरवू दिलेला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन ठसा दाखवतो. मला तो आतच दिसतो. पण बॉल त्याच्या बाजूला पडला होता, सांगायचं त्यानं होतं, आणि त्यानं बाहेर सांगितला.